तरुण वयातील सांधेझीज

गुडघेदुखी म्हणजे म्हातारपणाची खूण, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्यामुळे पस्तिशीतील व्यक्तीने जिना उतरताना गुडघा दुखत असल्याची तक्रार केली, तर 'एवढ्या वयात कसला संधिवात?' असे म्हणून ती सोडून दिली जाते. ऑस्टिओआर्थ्रायटिस, अर्थात सांध्यांची झीज, वयानुसार वाढते हे खरे. परंतु तरुणपणी ती दिसली की तिच्यामागे बहुधा निश्चित कारण असते, आणि अनेकदा ते दहा-पंधरा वर्षे जुने असते.

सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून होते. म्हणूनच तिला झालेली इजा सहसा पूर्ववत भरून येत नाही. तिच्यात मज्जातंतूही नसल्याने आरंभीची झीज जाणवत नाही. सांध्याचे अस्तर सुजले किंवा कूर्चेखालच्या हाडावर ताण आला, की वेदना सुरू होते.

तरुणांमधील सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे जुनी दुखापत. कबड्डी, फुटबॉल खेळताना किंवा दुचाकीच्या अपघातात गुडघा पिरगळतो, आतील लिगामेंट तुटते किंवा दोन हाडांमधली मेनिस्कस नावाची गादी फाटते. महिन्याभरात सूज उतरते आणि प्रकरण विसरले जाते. मात्र अशी इजा झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना १० ते २० वर्षांत सांधेझिजेचा त्रास होतो. लिगामेंटची शस्त्रक्रिया केली तरी हा धोका पूर्णपणे टळत नाही. मेनिस्कस तर पूर्वी निरुपयोगी समजून सर्रास काढून टाकली जात असे. ती काढल्यानंतर गुडघ्यात होणारे बदल १९४८ मध्ये ब्रिटिश शल्यविशारद फेअरबँक यांनी क्ष-किरण चित्रांवरून दाखवून दिले. आज शक्य तेथे ती शिवून वाचवली जाते.

दुसरे कारण वाढलेले वजन. स्थूल व्यक्तीचे वजन एक किलोने घटले, तर चालताना दर पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. प्रश्न केवळ भाराचा नाही. चरबीतून दाह वाढवणारी द्रव्येही स्रवतात. स्थूल व्यक्तींमध्ये बोटांच्या सांध्यांची झीजही अधिक आढळते, ती बोटांवर चालल्यामुळे नव्हे!

खुब्याचे दुखणे निराळे. तेथे जन्मतःच उथळ असलेली खोबण किंवा रक्तपुरवठा खंडित झाल्याने खचलेले मांडीच्या हाडाचे डोके कारणीभूत ठरू शकते. दीर्घकाळ वा मोठ्या मात्रेत घेतलेली स्टेरॉइड्स आणि अतिमद्यपान यांमुळे हा रक्तपुरवठा बिघडू शकतो.

तरुणांमधील प्रत्येक सांधेदुखी मात्र झिजेची नसते. झिजेमुळे सकाळी येणारा ताठरपणा साधारणतः अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. तो तासभर टिकत असेल किंवा अनेक सांधे सुजत असतील, तर आमवातासारख्या विकाराची तपासणी विनाविलंब करावी. त्याचे उपचार वेगळे आहेत.

निदान लवकर होण्याला महत्त्व आहे, कारण सांधेरोपण हा तरुणांसाठी सोपा मार्ग नाही. ब्रिटनमधील २०१७ च्या एका अभ्यासानुसार, पन्नाशीच्या सुरुवातीला गुडघा बदललेल्या पुरुषांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याची आयुष्यभरातील शक्यता सुमारे ३५ टक्के होती. सत्तरीनंतर ती जेमतेम ५ टक्के. त्यामुळे प्रथम भर राहतो तो वजन घटवण्यावर आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली मांडीचे स्नायू बळकट करण्यावर. दुखतो म्हणून गुडघा हलवायचाच नाही, तर हेच स्नायू आणखी दुबळे होतात.