पत्त्यातला रस्ता

पुणे कसकसे पसरले हे जाणण्यासाठी बखरी उलगडण्याची गरज नाही. दिवाळीच्या शुभेच्छापत्रांवरचे पत्ते वाचले तरी पुरे.

‘सदाशिव पेठ, घर नंबर अमुक’ असे दिसले की समजावे, हे पायी चालणाऱ्यांचे शहर. १७३२ साली शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली आणि पुढे पेशवाईत पेठेला पेठ लागत गेली. बोळ अरुंद, वाकडे. पण बहुतेक कुठे ना कुठे निघणारे. मंडईतून लक्ष्मी रस्त्याला जाणारा माणूस आजही तुळशीबागेत रामाला हात जोडून पलीकडे बाहेर पडतो. देवळाचे आवारसुद्धा इथे वाटच!

नदीपलीकडे एरंडवण्यातील जुन्या बंगल्यांच्या पत्त्यात ‘फायनल प्लॉट’ असे शब्द येतात. शब्द रुक्ष, पण त्यामागची बुद्धी मला फार आवडते. १९१५च्या मुंबई नगररचना कायद्याने शेते कागदावर एकत्र करायची, आधी रस्ते आखायचे आणि मग ज्याचा त्याला नवा तुकडा परत द्यायचा. प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांना नुसते आकडे आहेत, पण बहुतेक गल्ल्या दुसऱ्या रस्त्याला नेऊन सोडतात.

१२ जुलै १९६१ला पानशेत फुटले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर वसले. शहराला दूर राहण्याची सवय लागली.

आणि मग पत्त्यात आला ‘सर्व्हे नंबर’. सिंहगड रस्त्याने धायरीकडे जाऊन पाहावे. एक शेत एका बिल्डरने घेतले, शेजारचे दुसऱ्याने. ज्याने त्याने मोठ्या रस्त्यापासून आपल्या शेताच्या टोकापर्यंत सडक नेली आणि तिथेच हात झटकले. जिथे बांध होता तिथे भिंत आली. बांध ओलांडून शेजारीण निदान ताक मागायला तरी येत असे. भिंतीवर काचा लावलेल्या! २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे महापालिकेत आली, तोवर अशा पुष्कळ भिंती उभ्या राहून चुकल्या होत्या. आधी घरे आणि मागून रस्ते, म्हणजे वरात निघाल्यावर घोडा शोधण्यासारखे.

माझ्या वर्गातील एका मुलीच्या खिडकीतून आमच्या शाळेचे झेंडावंदन दिसते. ती शाळेत येते मात्र रिक्षाने, हमरस्त्याला वळसा घालून. यंदा गणपतीत भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या मंडळींनी सभा भरवली आणि भिंतीत एक लहानसे दार ठेवावे असे एकमताने ठरले. किल्ली कोणाकडे राहावी, यावर अजून चर्चा चालू आहे.