चंडीगडचे घर : कनाल, मजला आणि हिस्सा

चंडीगडमध्ये जुने घर विकत घ्यावयास निघालेल्या मराठी माणसाची पहिली अडचण भाषेची असते. मी पंजाबीविषयी बोलत नाही. मालमत्तेच्या भाषेविषयी बोलतो आहे. मुंबई-पुण्याकडचे आपण लोक घर म्हटले की सदनिका समजतो. १९१५ साली गावदेवीत सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केली, तेव्हापासून ही कल्पना आपल्या अंगवळणी पडत गेली. पुढे १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा, १९६३ चा मोफा व १९७० चा अपार्टमेंट मालकीचा कायदा यांनी तिला कायद्याचे कोंदण दिले. जमीन संस्थेची, भिंतींच्या आतले आपले, जिना सर्वांचा, हे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की भारतात सर्वत्र असेच असणार असे आपण गृहीत धरतो.

चंडीगडचा डीलर मात्र निराळ्याच शब्दांत बोलतो. ‘सेक्टर अमुक, एक कनाल, पार्कसमोर, खालचा मजला, पन्नास टक्के.’ यातील कनाल व मरला ही जमिनीची मापे. पंजाबात इतरत्र ती थोडी वेगळी असली तरी चंडीगडच्या व्यवहारात कनाल म्हणजे सुमारे ५०० चौरस यार्ड आणि दहा मरला म्हणजे त्याच्या निम्मे. ‘पन्नास टक्के’ हा शब्द मात्र मापाचा नाही. त्यामागे सत्तर वर्षांचा प्रशासकीय इतिहास आहे, आणि तो समजून न घेता विसाराची रक्कम देणारे अनेक सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत.

१९४७ साली लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. नव्या शहराचा पहिला आराखडा अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर व त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी यांनी केला. १९५० च्या ऑगस्टमध्ये नोविकी विमान अपघातात गेले. मग पंजाब सरकारचे आय.सी.एस. अधिकारी पी. एन. थापर व मुख्य अभियंता पी. एल. वर्मा हे दोघे वास्तुकार शोधावयास युरोपला गेले. ल कॉर्बुझिए, त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे आणि लंडनचे मॅक्सवेल फ्राय व जेन ड्र्यू हे दांपत्य अशी चौघांची नेमणूक झाली. नाव झाले ते कॉर्बुझिए यांचे. परंतु लोक ज्या घरांत राहावयास गेले ती प्रामुख्याने उरलेल्या तिघांनी आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या युली चौधरी, आदित्य प्रकाश, एम. एन. शर्मा, जीत मल्होत्रा अशा भारतीय वास्तुकारांनी रचली. मंत्र्यापासून शिपायापर्यंत सरकारी घरांचे १३ प्रकार ठरले होते. प्रत्येक प्रकाराला अंक आणि पुढे वास्तुकाराचे अक्षर, म्हणजे ‘१३-जे’ मधला ‘जे’ जानरे यांचा. पैसा बेताचा होता म्हणून जवळपास मिळणारी भाजकी वीट. ऊन कडक म्हणून खोल व्हरांडे, जाळ्या, झुकती सावली. आज ज्याला विसाव्या शतकाच्या मध्याची आधुनिक शैली म्हणून जगभर किंमत येते, ती येथे मुख्यतः काटकसरीतून जन्मली आहे. शिपायाच्या घरालाही दोन खोल्या, व्हरांडा, स्वयंपाकघर, न्हाणी व अंगण असावे हा त्या काळच्या प्रशासनाचा आग्रह होता. माझ्या मते चंडीगडमधील सर्वांत मोठी गोष्ट हीच, सचिवालयाची इमारत नव्हे.

खासगी घरांचे तंत्र वेगळे होते. सरकारने भूखंड विकावयाचे आणि घर मालकाने बांधावयाचे. त्यासाठी १९५२ चा ‘कॅपिटल ऑफ पंजाब’ विकास व नियमन कायदा झाला. या कायद्याच्या चौथ्या कलमाने प्रशासनाला जे अधिकार दिले ते वाचताना आजही आश्चर्य वाटते. इमारतीचा दर्शनी भाग कसा असावा, कुंपणाची भिंत किती उंच असावी, एका भूखंडावर किती निवासी इमारती असाव्यात, हे सारे सरकार सांगणार. लहान, मरला मापाच्या घरांना ‘फ्रेम कंट्रोल’ लागू झाला. समोरची चौकट, बाजूच्या भिंती व उंची ठरलेली. चौकटीच्या आत मालकाने हवे ते करावे. त्यामुळे फारशी ऐपत नसलेल्या माणसाने साध्या नकाशानिशी बांधलेले घरही रस्त्याच्या ओळीत शोभून दिसले. मोठ्या कनाल भूखंडांना एवढी सक्ती नव्हती. चारी बाजूंनी किती जागा सोडावयाची ते झोनिंगच्या नकाशाने ठरे.

पहिल्या टप्प्यातील, म्हणजे १ ते ३० क्रमांकाच्या सेक्टरांत दीड लाख लोक राहतील असा हिशेब होता. (१३ क्रमांकाचा सेक्टर मूळ आराखड्यात नव्हताच.) दुसरा टप्पा मिळून एकूण पाच लाख. एका भूखंडावर एक कुटुंब हे या हिशेबाचे मूळ गृहीतक. शाळा, पाणी, सांडपाणी, रस्त्यांची रुंदी, सगळे त्यावर बेतलेले. म्हणूनच भूखंड व इमारती यांच्या विक्रीचे जे नियम १९६० साली झाले, त्यांतील चौदाव्या नियमाने भूखंडाचे वा इमारतीचे तुकडे करण्यास साफ मनाई केली.

नियम स्पष्ट होता. माणसे मात्र मरतात आणि त्यांना मुले असतात. १९५५-६० च्या सुमारास भूखंड घेणारा माणूस, पुष्कळदा पश्चिम पंजाबातून सर्वस्व गमावून आलेला, सत्तर-ऐंशीच्या दशकांत निवर्तला. मागे तीन-चार वारस. घराची वाटणी करावयाची नाही, पण वारसा हक्काने हिस्से तर पडलेच. तेव्हा इमारत अखंड ठेवून कागदावर हिस्से नोंदविणे सुरू झाले. यात बेकायदेशीर काही नव्हते. सहमालकी हा आपल्या कायद्यातील जुना प्रकार आहे. पुढची पायरी मात्र डीलरने ओळखली. भाऊ भावाच्या नावे हिस्सा करू शकतो, तर परक्याला का विकू नये? आणि बांधकाम व्यावसायिकाने जुने घर पूर्ण विकत घेऊन, पाडून, तीन मजले बांधून, तीन अनोळखी कुटुंबांना एकेक हिस्सा का विकू नये? खरेदीखतात लिहावयाचे ‘अविभक्त हिस्सा’. कोणता मजला कोणाचा, गच्ची कोणाची, समोरची हिरवळ कोणाची, हे एका वेगळ्या आपसांतील करारात. जाहिरातीत मात्र ‘स्वतंत्र मजला’.

येथे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४४ व्या कलमाची आठवण करून देणे भाग आहे. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने विकत घेतला तर त्याला त्या घराचा संयुक्त ताबा मागण्याचा हक्क मिळत नाही, असे हे कलम सांगते. सहमालकांत बेबनाव झाला म्हणजे अशी कलमे बाहेर येतात. मजला विकत घेतला असे समजणाऱ्याने खरे पाहता मजला घेतलेलाच नसतो. त्याने घेतलेला असतो संपूर्ण घराच्या प्रत्येक विटेतील एक भाग, आणि उरलेल्या दोघांची सदिच्छा.

२००१ साली प्रशासनाने अपार्टमेंट नियम करून मजल्यांना स्वतंत्र मालकी देण्याचा मार्ग उघडला. शहराचे रूप व सोयी यांवर ताण येईल म्हणून रहिवाशांनी विरोध केला, आणि २००७ साली ते नियम मागे घेण्यात आले. त्यामुळे व्यवहार थांबले काय? मुळीच नाही. ते हिस्साविक्रीच्या जुन्या वाटेने चालू राहिले. माझ्या मते प्रशासनाची खरी चूक येथे आहे. एखादा नियम रद्द करणे म्हणजे त्याने भागविलेली गरज रद्द करणे नव्हे. २००७ ते २०२३ या सोळा वर्षांत प्रशासनाने हिस्साविक्रीला ना मान्यता दिली, ना ती रोखली; एकाच भूखंडावरील तीन मजल्यांचे नकाशे मंजूर होत राहिले आणि खरेदीखतांवर मुद्रांक शुल्क घेतले जात राहिले.

रहिवाशांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली. २०२१ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने हिस्सा विकणे म्हणजे तुकडे पाडणे नव्हे असे म्हटले. १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्या. गवई व न्या. नागरत्ना यांच्या पीठाने, तो निर्णय फिरविला. पहिल्या टप्प्यातील एका कुटुंबाच्या घराचे अपार्टमेंटमध्ये रूपांतर करता येणार नाही. तसे रूपांतर सूचित करणारे नकाशे मंजूर करू नयेत. मजले वाटून घेण्याचे सहमालकांचे करार नोंदवू नयेत. मजले तीनच असावेत व त्यांची उंची एकसारखी असावी. वारसा समितीने या टप्प्यातील लोकसंख्या वाढविण्याच्या प्रश्नाचा विचार करावा, असेही सांगितले. प्रशासनाने लागलीच आदेश काढला आणि कुटुंबाबाहेर हिस्सा विकण्याची वाट जवळपास बंद झाली.

शहरासाठी हा निकाल योग्यच होता असे मला वाटते. परंतु त्याचा भार कोणावर पडला तेही पाहिले पाहिजे. ज्या तीन भावंडांतील एक कॅनडात, एक बंगळुरूत आणि एक त्याच घरात राहते, त्यांना आता घर अखंडच विकावे लागते. अखंड कनालचे घर घेण्याची ऐपत असलेले ग्राहक फार थोडे. घरात राहणाऱ्या भावाला इतरांचे हिस्से विकत घेणे पेन्शनीवर शक्य नाही. मजला घेऊन राहणारा मध्यमवर्गीय तर दोन्हीकडून कोंडीत. विकावे तर नोंदणी नाही आणि सहमालकांशी केलेल्या करारावर विसंबता येत नाही.

या साऱ्या वादात घर मात्र कोठेच नव्हते, हे मला सर्वांत खटकते. चर्चा भूखंडाची, हिस्स्याची, मजल्याची. निकाल तुकडे पाडण्यास मनाई करतो. पण एखाद्या मालकाने १९५८ चे विटांचे, जाळ्यांचे घर पाडून झोनिंगच्या मर्यादेत संगमरवरी खांबांचा बंगला बांधावयाचा म्हटले, तर एका कुटुंबाचे घर ते एका कुटुंबाचेच राहते. मग आक्षेप कशाला?

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या वाचकांना याच्या उलट चित्र परिचित असेल. पालो आल्टो, सनीव्हेल या भागांत जोसेफ आयकलर या बांधकाम व्यावसायिकाने १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे सुमारे ११ हजार घरे बांधली. तीही आपल्या चंडीगडच्या समकालीन, तीही मध्यमवर्गासाठी. आज तेथे केवळ याच घरांची खरेदी-विक्री करणारे एजंट आहेत. जमिनीत गाडलेल्या गरम पाण्याच्या नळ्या चालू आहेत काय, सपाट छपराचे पाणी कोठे मुरते, मूळ लाकडी तुळया शाबूत आहेत काय, हे त्यांना ठाऊक असते, आणि मूळ स्वरूप टिकलेल्या घराला अधिक भाव मागता येतो हेही ते विकणाऱ्याला पटवून देतात. पालो आल्टोमध्ये तर १९९२ पासून वस्तीतील लोकांनी स्वतः अर्ज करून आपल्या गल्लीत दुमजली बांधकाम नको असा निर्बंध लावून घेण्याची सोय आहे. जमीन तेथेही सोन्याच्या भावाची आहे आणि घरे तेथेही पाडली जातात. परंतु घराच्या बाजूने बोलणारा एक माणूस व्यवहारात हजर असतो, आणि त्याचा स्वार्थ घर टिकण्यात असतो.

चंडीगडला असा जाणकार व्यापारी मिळाला तो घरांना नव्हे, खुर्च्यांना. सरकारी कचेऱ्यांनी मोडकळीस आलेल्या म्हणून लिलावात काढलेल्या जानरे यांच्या खुर्च्या परदेशी व्यापाऱ्यांनी भंगाराच्या भावात उचलल्या आणि युरोप-अमेरिकेत लाखो रुपयांना विकल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा विक्रीस मनाई करीपर्यंत बराच माल गेला होता. खुर्ची जहाजात घालून नेता येते, घर नेता येत नाही, एवढाच फरक.

सेक्टर ५ मधील जानरे यांचे राहते घर २०१७ साली संग्रहालय झाले. पाहुण्यांना मी आवर्जून तेथे पाठवितो. एका डीलरला तेथील विटांच्या जाळीविषयी विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘जागा उत्तम आहे साहेब, कोपऱ्याची मिळाली तर पाहा.’ त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या दलालीत जाळीचा भाव धरलेला नाही.

चंडीगडमध्ये घर घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांनी पत्रे पाठविली म्हणून हे लिहिले. जे विचारतात त्यांना मी एवढेच सुचवितो. इस्टेट ऑफिसातून मूळ वाटपपत्र, जमीन भाडेपट्ट्याची की मालकीची याचा दाखला व मंजूर नकाशाची प्रत घ्या. ‘पन्नास टक्के’ असे कोणी म्हटले तर उरलेले पन्नास कोणाचे, ते सहमालक कुटुंबातील आहेत काय आणि त्यांचे खरेदीखत कोणत्या तारखेचे आहे, हे विचारा. कुलमुखत्यारपत्रावर विक्री होत असेल तर २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वकिलाकडून समजावून घ्या. केवळ अशा पत्राने मालकी मिळत नाही. आणि मंजूर नकाशा हाती आलाच, तर त्यावर वास्तुकाराची सही कोणाची आहे तेही पाहून ठेवा.