तळटीप : सलामी आणि शड्डू

१. ‘सलामी झडली’ : लेखकाने दोन शब्दांत उरकलेला हा विधी, शाहू छत्रपतींच्या आश्रयाने १९१२ मध्ये सिद्ध झालेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात ज्यांनी प्रत्यक्ष अवलोकिला आहे, त्यांना विस्ताराची गरज नाही, इतरांसाठी इतके नमूद करणे इष्ट, की ताक, तेल, हळद घालून मळलेली हौद्यातील माती उभयता मल्ल प्रथम मस्तकी लावतात, मग मूठभर घेऊन एकमेकांच्या खांद्या-दंडांवर टाकतात, जेणेकरून घामाने निसटणारी पकड टिकावी, आणि हात मिळवून मगच भिडतात. मांडी थोपटून ठोकलेला शड्डू मात्र स्नेहाचा नव्हे, आव्हानाचा. वार्ताहर या दोहोंची सर्रास गल्लत करतात. कुस्ती चितपट निकाली झाली, की विजयी मल्ल वस्तादांच्या पायांना हात लावतो, तालमीतले सवंगडी त्याला खांद्यावर उचलून हलगीच्या कडकडाटात फेरी घडवितात आणि प्रेक्षक त्याच्या हाती बक्षिसाच्या नोटा ठेवतात. पराभूतास आलिंगन देण्याचाही प्रघात आहे. एरवी सख्ख्या भावाला चारचौघांत मिठी मारताना शरमणारे हे गृहस्थ तेथे बिलकूल संकोचत नाहीत. गादीवरील कुस्तीत माती नसल्याने प्रारंभी केवळ हस्तांदोलन उरले आहे.