आकाशांतील भग्न नौका

वाशिष्ठीच्या मुखाशीं वसलेलें दाभोळ हें बहमनी राजवटींत पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर होतें. १५०८ च्या डिसेंबरांत पोर्तुगीजांनीं त्याची राखरांगोळी केली, हें इतिहासप्रेमी वाचकांस विदित आहेच. बंदरांत बुडालेल्या गलबताचें ठिकाण ठाऊक नसलें, तर तें पुढें येणाऱ्या प्रत्येक गलबताचें वैरी होतें. हाच न्याय आतां आकाशासही लागू झाला आहे. भेद इतकाच कीं, तेथील भग्न नौका स्वस्थ पडून राहत नाहीं; सेकंदास साडेसात किलोमीटरांहून अधिक वेगानें ती सुमारें दीड तासांत पृथ्वीप्रदक्षिणा करते.

या इतिहासाचा आरंभ ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं झाला. स्पुटनिक म्हणून लोकांनीं नुसत्या डोळ्यांनीं जें पाहिलें, तो बहुधा तो चिमुकला गोळा नसून त्याच्याबरोबर कक्षेंत गेलेला अग्निबाणाचा रिता सांगाडा होता! अशा वस्तूंचा माग घेण्यासाठीं स्मिथसोनियन वेधशाळेनें जगांत बारा ठिकाणीं बेकर-नन कॅमेरे बसविले. त्यांपैकीं एक आपल्या नैनितालास होता. पुढें २९ जून १९६१ रोजीं एका अमेरिकन अग्निबाणाचा वरचा टप्पा कक्षेंत फुटला आणि एका वस्तूच्या शेंकडों वस्तू झाल्या. २००१ च्या डिसेंबरांत आपल्या पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचीही तीच गत झाली. टाक्यांत उरलेलें इंधन हें अशा स्फोटांचें एक मुख्य कारण. म्हणून काम संपतांच त्या रित्या करण्याचा प्रघात पुढें पडला.

माग कसा काढतात? सायंकाळीं भूमीवर अंधार पडला, तरी उंचावरील वस्तूवर ऊन असतें. तेव्हां दुर्बिणीस ती दिसते. रडारला मात्र दिवस-रात्र सारखीच. परंतु विरळ हवेच्या घर्षणानें कक्षा हळूहळू खालावते, आणि सूर्य क्षुब्ध झाला कीं वरची हवा फुगून घर्षण वाढतें. म्हणून पतनाच्या वेळेंत दहा मिनिटांची चूक झाली, तर स्थळांत साडेचार हजार किलोमीटरांची होते.

२ एप्रिल २०२२ च्या सायंकाळीं महाराष्ट्राच्या आकाशांतून जळत्या रेघा गेल्या, आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील लाडबोरी येथें सुमारें तीन मीटर व्यासाचें धातूचें कडें पडलें. फेब्रुवारी २०२१ मध्यें उडालेल्या चिनी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचें तें असावें, असें अभ्यासकांनीं कक्षांच्या नोंदींवरून ठरविलें. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. झाली असती, तर १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वयें भरपाई प्रक्षेपक राष्ट्राकडे मागतां आली असती. पण प्रक्षेपक कोण, हें नोंदीवांचून सिद्ध कसें व्हावें?

नवा प्रघात आशादायक आहे. १ जानेवारी २०२४ रोजीं उडालेल्या पीएसएलव्हीचा अखेरचा टप्पा मुद्दाम खालच्या कक्षेंत उतरविण्यांत आला, व त्याच वर्षीं मार्चांत तो वातावरणांत परतला. परंतु पूर्वजांनीं सोडलेले सांगाडे अद्याप फिरतच आहेत. ते खालीं आणण्याचें सामर्थ्य येईपर्यंत त्यांची वही बिनचूक राखणें, हें प्रत्येक अंतराळगामी राष्ट्राचें कर्तव्यच होय.