मुलांचा खेळ? केव्हापासून?

बीजीएमआय खेळताना माईक बंद ठेवणाऱ्या बऱ्याच मुली मला भेटतात. आवाज मुलीचा आहे हे कळलं, की कुणीतरी "जा, पोळ्या लाट" म्हणतोच. त्यामागची समजूत अशी, की गेम मुळात मुलांचे, मुली मागाहून घुसल्या. ती जरा तपासून बघू.

१९७८ साली कॅरल शॉ अमेरिकेतल्या अटारी कंपनीत लागल्या. बर्कलेत संगणकशास्त्र शिकलेल्या. एकदा कंपनीचे अध्यक्ष रे कॅसार तिथे आले आणि म्हणाले, वा, बाई आली, आता कार्ट्रिजची रंगसंगती, सजावट ही बघेल! हा किस्सा शॉ यांनीच पुढे मुलाखतीत सांगितलाय.

या बाईंनी १९८२ साली ॲक्टिव्हिजन कंपनीसाठी 'रिव्हर रेड' केला. नदीवरून विमान उडवायचं, पुलांवर मारा करायचा. कार्ट्रिजमध्ये जागा अवघी ४ किलोबाइट. एवढ्यात लांबलचक नदीचा नकाशा मावणार कसा? शॉ यांनी नकाशा साठवलाच नाही. काठ कसे वळतील याचं गणित लिहिलं. नदी खेळता खेळता तयार होते, आणि दर वेळी तीच! मला तरी यात रंगसंगती कुठे दिसत नाही.

त्या एकट्याही नव्हत्या. 'मिस्टरी हाऊस' (१९८०) रॉबर्टा विल्यम्स यांचा. 'सेंटिपीड'मध्ये डोना बेली होत्या.

मग गेम मुलांचे झाले कधी? १९८३ साली अमेरिकेत हा बाजार कोसळला. त्यानंतर निन्टेन्डोने आपलं यंत्र खेळणं म्हणून विकायला काढलं. खेळण्यांच्या दुकानात मुलांची फळी वेगळी, मुलींची वेगळी. गेम मुलांच्या फळीवर गेले. माझ्या मते गाडी इथेच वळली. १९८६ च्या 'मेट्रॉइड'ची गंमत बघा: माहितीपुस्तिकेत नायकाला 'तो' म्हटलंय आणि शेवटी चिलखत उतरतं तेव्हा आत बाई निघते. म्हणजे बाई असणं हेच रहस्य!

त्या फळीवर वाढलेल्यांना गेम आपल्या मालकीचे वाटू लागले. २०१२ साली अनिता सार्कीसियन यांनी गेममधल्या स्त्रीपात्रांवर व्हिडिओ करायचं जाहीर केलं, तर त्यांच्या चेहऱ्यावर ठोसे मारायचा गेम कुणीतरी बनवला. ऑक्टोबर २०१४ मध्ये युटा राज्यातल्या विद्यापीठात त्यांचं व्याख्यान होतं. गोळीबाराची धमकी आली. तिथल्या कायद्यानुसार परवानाधारकाला पिस्तूल आत नेता येत होतं, म्हणून शस्त्रांची झडती घ्यायला पोलीस तयार होईनात. व्याख्यान त्यांनी रद्द केलं.