जागतिकीकरण आणि मानव्यविद्या

देशोदेशींच्या माणसांतील ज्या देवघेवीचा विस्तार अर्थशास्त्र आयात-निर्यातीच्या आकड्यांनी मोजते, तिचे मानवी स्वरूप इतिहास, भाषाशास्त्र व साहित्य यांच्या परिशीलनानेच उलगडते. कैरोच्या फुस्तात भागातील बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये साठलेले, व १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी बहुतांशी केंब्रिजला नेलेले दस्तऐवज याची साक्ष देतात. हिब्रू लिपीतील ही अरबी पत्रे श्लोमो गोइटाइन यांनी असाधारण चिकाटीने वाचली, तेव्हा बाराव्या शतकात मंगळूरला राहणारा ट्युनिशियाचा व्यापारी अब्राहम बेन यिजू, ११३२ मध्ये त्याने दास्यमुक्त केलेली आशू, त्याचे मिरी-सुपारीचे व्यवहार आणि एडनच्या व्यापाऱ्यांशी जुळलेला स्नेह हे सारे उजेडात आले. केवळ जकातीच्या नोंदींवरून आशूचे नाव कधीच कळले नसते. याच सामग्रीवर अमिताव घोष यांनी १९९२ मध्ये ‘इन ॲन अँटीक लँड’ हा ग्रंथ रचला.