भिंतीपासून वीतभर लांब

हरमल म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो. मला आठवते आमच्या शेजारच्या ख्रिस्ती मावशीची डुकरीण! जेवताना हा शब्द कुणी काढला तर आमची आजी पाटावरून उठायची, त्यामुळे ही गोष्ट घरात कधी कुणी सांगितली नाही.

पेडणे, डिचोली म्हणजे नव्या काबिजादी. पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं ते १७८८ साली. बार्देश-सासष्टीइतकी इथे डुकरं नव्हती, पण हरमलच्या ख्रिस्ती वाड्यावर परसात एखादी काळी डुकरीण असायची. ती त्यांची ठेवच म्हणा ना. पिल्लं शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात नेली की शाळेची फी, नाताळचे कपडे निघत.

एका पावसाळ्यात मावशीची आठांतली पाच पिल्लं दोन रात्रींत गेली. रोगराई काही नव्हती, आईच्याच अंगाखाली चिरडली. जन्मतः पिल्लू जेमतेम किलोभराचं. अंगात ऊब टिकत नाही, म्हणून ते आईला चिकटतं. त्याला हवी तीस-बत्तीस अंशांची ऊब आणि आईला हवी थंड, ओली जमीन. ती भिंतीला पाठ घासत धपकन आडवी होते, मधलं पिल्लू सापडतं. पहिले तीन दिवस फार जपावं लागतं. त्या वर्षी मावशीच्या थोरल्याची शाळा सुटली.

पुढच्या खेपेला मावशीने दिवस मोजले: तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. खोपीत भिंतीच्या कडेने पोफळीची दांडकी बांधली, जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून वीतभर लांब. आई टेकली तरी पिल्लाला मागे सरकायला वाट राहिली. कोपऱ्यात पेंढा, वर टांगलेला कंदील. आणि पाटावरून उठणाऱ्या आमच्या आजीनेच पेंढ्याचे दोन भारे गपचूप वईवरून पलीकडे दिले!

परदेशात मोठ्या फार्मांवर यासाठी डुकरिणीला लोखंडी चौकटीत ठेवतात. तिला वळतासुद्धा येत नाही. स्वीडनने १९८८च्या कायद्याने ते बंद केलं. मला तरी मावशीची दांडकी बरी वाटतात. विण्याच्या आदल्या दिवशी डुकरीण तोंडाने पालापाचोळा ओढून घर करते, ते चौकटीत कसं जमणार?

"आज रातीं जागें रावंक जाय," म्हणत मावशी तीन रात्री खोपीच्या दारात बसली. सातही पिल्लं जगली. थोरला मात्र शाळेत परत गेला नाही. तो तारवटी झाला.